मफलररावांचं अभ्यंगस्नान

सशाच्या लेंड्या पाहून मनापासून आनंद होणारी माणसं जगात फार नसावीत. मी त्यांतली एक आहे, आणि मला तशी करून ठेवण्याचं सगळं श्रेय जयपूरच्या गावंडेकाकांचं. सांगलीच्या आमच्या घरात मांजरसुद्धा कधी उंबरा ओलांडून आलेलं नाही. तिथून आईचा फोन यावा आणि मी तिला सांगावं, "आज लेंड्या अगदी टपोऱ्या झाल्यात," असं त्या वर्षी बरेचदा झालं. मुलीला परमुलखात एकटं पाठवून आपण घाई केली, असं त्या माउलीला वाटलं असेल तर तिचा दोष नाही.

नोकरीच्या निमित्तानं मी जयपूरला गेले तेव्हा तिलक नगरातल्या एका घराच्या गच्चीवरची खोली मला मिळाली. मधल्या मजल्यावर घरमालकीण सरोजजी राहत, आणि तळमजल्यावर, पुढे जाळीचा व्हरांडा असलेल्या दोन खोल्यांत, गावंडेकाका. पहिल्याच आठवड्यात मी जिन्यात उभी राहून फोनवर मराठीत कुणाशी तरी भांडत होते. फोन ठेवला तसा खालून आवाज आला, "कुठची वं पोरी तू?"

"सांगलीची."

"म्हन्जे मिरज जंक्शनच्या बाजूची," काका म्हणाले आणि समाधानानं आत गेले. त्यांच्या नकाशात गावं नव्हतीच, फक्त स्टेशनं होती. पुढं ओळख वाढल्यावर कळलं, की माझं भांडणही त्यांनी पूर्ण ऐकलं होतं आणि त्यांच्या मते चूक माझीच होती.

काका मूळचे मूर्तिजापूरकडचे. रेल्वेत गार्ड म्हणून लागले, मालगाड्यांवरून सुरुवात करत एक्स्प्रेस गाड्यांपर्यंत आले आणि बदली होऊन जयपूरला आले ते तिथंच रिटायर झाले. इतकी वर्षं राजस्थानात काढूनही त्यांच्या वऱ्हाडीला धक्का लागला नव्हता. "आता म्हने गार्डाले ट्रेन मॅनेजर म्हन्तात," ते सांगत. "म्हनू दे. मॅनेजर म्हटल्यानं शेवटचा डबा काही पुढं येत नाही."

उंच, सडपातळ, घरातसुद्धा शर्ट खोचलेला. घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. उभे राहायचे ते दोन पाय फाकवून, जणू फरशी कुठल्याही क्षणी हलेल. चहाचा स्टीलचा ग्लास काठोकाठ भरून ते व्हरांडाभर फिरत आणि थेंब सांडत नसे. जवळच्या गांधीनगर स्टेशनाकडून गाडीचा भोंगा ऐकू आला की बोलता बोलता थांबायचे, मनगट उलटं करून पाहायचे आणि म्हणायचे, "लेट झाली." त्यात तक्रार नसे. "गाडी लेट झाली तं चालते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. "पोचली पाह्यजे."

त्यांची बायको त्यांच्या निवृत्तीच्या आधीच गेली होती. म्हणजे काकांना घरी राहायला मिळालं तेव्हा घरात उरली होती ती एकटी मुलगी, रसिका. आणि मी राहायला आले त्या वर्षीच्या पावसाळ्यात तिलाही पुण्याला नोकरी लागली.

रसिकाकडे एक ससा होता. करड्या रंगाचा, गळ्याभोवती रुंद पांढरा पट्टा, म्हणून तिनं त्याचं नाव मफलर ठेवलं होतं. काकांना हे नाव अर्धवट वाटे. ते त्याला मफलरराव म्हणत. पुण्यात ती ज्या मैत्रिणींबरोबर राहणार होती तिथं प्राणी चालत नव्हते. स्वतःचं घर भाड्यानं घेईपर्यंत ससा कुठं तरी ठेवायचा होता. निघायच्या दिवशी टॅक्सी दारात उभी असताना तिनं विचारलं, "पप्पा, तुम्हाला जमेल ना? मतलब, नाहीतर फ्रेंडकडे ठेवते मी. खरंच सांगा."

रसिका जयपूरच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली. तिची मराठी अशीच अडखळत चाले. तिच्या मनात काही वावगं नसावं. पण काकांना ते 'जमेल ना' फार लागलं. संध्याकाळी मला व्हरांड्यात बसवून त्यांनी चहा दिला आणि म्हणाले, "बरोबर हाये तिचं. तिले ताप आला तवा मी फुलेरा जंक्शनले. दहावीचा रिझल्ट लागला तवा अजमेरले. तिच्या मायनंच केलं सगळं. आता पोरगी इचारते, एक ससा जमेल का? इचारनारच ना." मग सशाकडं बोट दाखवलं. "गार्डाच्या डब्यात पार्सल असते. ते आपलं नसते, पन पोचोस्तोवर जिम्मेदारी आपली. तीस-पस्तीस वर्षांत माझं एकबी पार्सल गहाळ झालं नाही. हेबी नाही होनार."

तेव्हापासून मफलरराव हे त्या घरातलं पार्सल झाले.

पहिला महिना त्या पार्सलाचे इतके लाड झाले की विचारू नका. सरोजजी सकाळी गाजर घेऊन उतरत, दुपारी सफरचंदाची फोड. काका स्वतःच्या ताटातली बाजरीची रोटी गूळ लावून देत. चहाबरोबरचं बिस्किट दोघांत निम्मं निम्मं. गवत कोपऱ्यात तसंच वाळत पडे. मफलरराव गोल गरगरीत झाले, आणि एक दिवस त्यांच्या मागच्या बाजूला सगळं चिकटून बसलं. लेंड्या कुठल्या, नुसता लगदा. काका टॉवेलात गुंडाळून त्याला राजा पार्क नावाच्या वस्तीत घेऊन गेले. तिथं एक डॉक्टरीणबाई होत्या, कुत्र्या-मांजरांबरोबर सशांचंही पाहणाऱ्या. स्कूटर माझी असल्यामुळे मीही गेले.

डॉक्टरीणबाईंनी सगळा आहार शांतपणे ऐकून घेतला. मग म्हणाल्या, "अंकल, इसका पेट घास से चलता है। दिन भर घास। थोड़ी हरी पत्ती। गाजर को आप मिठाई समझिए, और बिस्किट को भूल ही जाइए।"

घरी आल्यावर सरोजजींना हे पटेना. "बचपन से हर किताब में खरगोश गाजर ही खाता है," त्या म्हणाल्या. "किताब वाले झूठ बोल रहे थे क्या?"

काकांनी वाद घातला नाही. आत गेले, ट्रंक उघडली आणि नोकरीतले जुने झेंडे काढले, एक लाल, एक हिरवा. व्हरांड्याच्या जाळीत लाल झेंडा अडकवला आणि सांगितलं, "सरोजजी, ये लगा है तब तक कोई कुछ नहीं खिलाएगा।" आणि गंमत म्हणजे जी बाई डॉक्टरचं ऐकत नव्हती तिनं झेंड्याचं ऐकलं. गाजराची वाटी पदराखाली घेऊन त्या जिन्यातूनच परत जात. आठवड्यातून एकदा हिरवा झेंडा लागे, त्या दिवशी गाजराची एक चकती मिळे. मफलररावांना झेंड्याचे रंग कळत होते की नाही माहीत नाही. सरोजजींना मात्र पाठ झाले होते.

लेंड्यांचं शास्त्र काकांनी त्याच दिवसांत तयार केलं. सकाळी केर काढायच्या आधी ते कोपऱ्यात वाकत आणि मला वरून येताना पाहिलं की हाक मारत. मोठ्या, कोरड्या, एकसारख्या असल्या की "गाडी टायमावर हाये." बारीक किंवा वाकड्या असल्या की पिवळा सिग्नल, त्या दिवशी गवताशिवाय काही नाही. आणि काहीच नसलं तर लाइन बंद, तेव्हा वाट न पाहता डॉक्टर, असं राजा पार्कच्या बाईंनीच बजावलेलं होतं. मी ऑफिसला निघताना मला शकुनासारखं हे कानावर पडायला हवं असायचं. गाडी टायमावर असल्याचं ऐकून निघालं की माझाही दिवस बरा जाई, यात अंधश्रद्धा असेल तर असू दे.

गवताचा प्रश्न त्यांनी स्वतःच्या पद्धतीनं सोडवला. ताजं गवत म्हणजे दूर्वा, आणि दूर्वा कुठं मिळतात हे मराठी माणसाला सांगावं लागत नाही. मोती डुंगरीच्या गणपतीबाहेरच्या फुलवालीकडून ते रोज जुड्या आणायला लागले. एकवीस दूर्वा मोजून द्यायची सवय असलेली ती बाई, "बाबूजी, इतनी दूब? कोई बड़ी मन्नत है क्या?" म्हणून विचारी. काका गंभीरपणे "हाँ" म्हणत. वाळलेल्या गवतासाठी तर त्यांनी जयपूरजवळच्या चौमूंला रेल्वे फाटकावरचा एक जुना ओळखीचा गेटमन शोधून काढला, त्याच्या शेताच्या बांधावरची दूब तो उन्हात वाळवून ठेवी. काका बसनं जाऊन पोतं घेऊन येत. एकदा कंडक्टर म्हणाला, गाय कुठं आहे? काकांनी त्याला खिशातून सशाचा फोटो काढून दाखवला. पुढं तो कंडक्टरच दर वेळी "मफलर कैसा है" विचारत असे. असा हा माणूस. कुणाशीही बोलणं सुरू करायला त्याला स्वतःबद्दल काही सांगावं लागत नसे.

तर सगळं असं टायमावर चाललेलं असताना दिवाळी आली.

दिवाळीच्या थोडं आधीच मफलररावांच्या पाठीवर कोंडा दिसायला लागला होता. मानेमागं, खांद्यावर, पांढरी पांढरी भुकटी. तो मागच्या पायानं खाजवे आणि केसांचे पुंजके निघत. जयपूरची हवा त्या दिवसांत अशी कोरडी होते की आपले ओठ फुटतात, टाचा फुटतात. माझ्या कोपराची सालं निघत होती. काकांनी सशाची पाठ पाहिली आणि त्यांना जे वाटलं ते कुठल्याही मराठी घरात कुणालाही वाटलं असतं. कातडी कोरडी पडली. कोरड्या कातडीला तेल. आणि नरक चतुर्दशी तर उद्यावर आली होती.

मला त्या वर्षी रजा मिळाली नव्हती. सकाळी सरोजजींनी दिलेली घेवराची मिठाई घेऊन मी खाली आले तर व्हरांड्यात उटण्याचा वास दरवळत होता. पाटाभोवती रांगोळीची एक वेडीवाकडी रेघ. पाटावर मफलरराव. भिजून अर्धे झालेले, केस अंगाला चिकटलेले, डोळे मोठे. काका टॉवेलानं त्याला पुसत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तसा मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"कोमट पानी," ते म्हणाले. "तिळाचं तेल, आन् हे अकोल्याच्या बहिनीनं पाठवलेलं उटनं. बिचाऱ्यानं आवाज नाही केला." मग टॉवेल फिरवता फिरवता, माझ्याकडं न पाहता म्हणाले, "मी कधी दिवाळीच्या सकाळी घरी नव्हतो, पोरी. सनाले स्पेशल गाड्या सुटत. ज्याले लेकरंबाळं हायेत त्याले ड्युटी, ज्याले नाहीत त्यालेबी ड्युटी. रसिकाले तेल तिची माय लावे. मी कधी तिच्या डोक्याले हात लावला नाही दिवाळीले. यंदा घरी हावो, तं लावाले कोनी नाही." आणि हसले. "तं म्हटलं हेच."

मला हसू आलं. मी फोटो काढला. सशाला आंघोळ घालू नये हे त्या घरात तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. रसिकानं जाताना बऱ्याच गोष्टी सांगितल्या होत्या. पण सशाला तेल-उटणं लावू नका, हे सांगायचं कुणाच्या डोक्यात येईल?

दुपारी तो कोपऱ्यात पाठ फिरवून बसला. काका म्हणाले, तेल लावल्यावर मलाही गुंगी येते, झोपू दे. संध्याकाळी लक्ष्मीपूजनाच्या पणत्या लागल्या तरी दूर्वांची जुडी तशीच पडलेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तेव्हा हाक आली नाही. काका कोपऱ्यात गुडघ्यांवर बसले होते. फरशी स्वच्छ होती. एकही लेंडी नव्हती.

"लाइन बंद," ते म्हणाले. त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता.

सणाचा दिवस, दवाखाना बंद. पण डॉक्टरीणबाईंनी फोन उचलला आणि जरीच्या साडीतच येऊन दार उघडलं. मफलररावांना हातात घेतलं मात्र, त्यांनी नाक जवळ नेलं. "इससे तो उबटन की ख़ुशबू आ रही है।"

"जी. मैंने लगाया," काका म्हणाले. मान खाली नव्हती. वरिष्ठांसमोर जबाब द्यावा तसे ताठ उभे होते.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर काकांना बरं वाटलं असतं. त्यांनी समजावून सांगितलं, की ससा स्वतःला चाटून साफ करतो. तेल, उटणं, जे जे अंगावर होतं ते सगळं रात्रीत पोटात गेलं. वर भिजल्याची थंडी आणि भीती. त्यानं खाणं सोडलं, आणि सशानं खाणं सोडलं की त्याचं पोट थांबतं. थांबलेलं पोट दुखतं, दुखतं म्हणून तो आणखी खात नाही. पाठीवरचा कोंडा हा कोंडा नव्हताच. चिकटपट्टीवर थोडा घेऊन त्यांनी भिंगाखाली दाखवला. त्यातले काही कण चालत होते. बारीक किडे होते ते. "इसकी दवा है, आराम से ठीक हो जाएगा। पर पहले पेट, फिर चमड़ी।"

सुई दिली, पाणी चढवलं, दुखणं थांबवायचं औषध दिलं. अंगावरचं तेल काढायला पाणी अजिबात नको, कॉर्नफ्लोर शिंपडून हलकेच विंचरून काढा. ऊब ठेवा. पोट हळू चोळा. सशांसाठीच्या खाद्याच्या गोळ्या भिजवून, पातळ करून सिरिंजनं गालाच्या कडेनं थोडी थोडी भरवा. एवढं सांगून त्या थांबल्या. "आज-कल में चल जाना चाहिए," म्हणाल्या. नाही चाललं तर काय, हे काकांनी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही.

तो दिवस मी विसरणार नाही. काका व्हरांड्यात भिंतीला टेकून पाय पसरून बसले, गुडघे दुखत असताना, आणि ससा मांडीवर. करड्या सशावर पांढरं कॉर्नफ्लोर, काकांच्या शर्टावर, मिशांवर कॉर्नफ्लोर. एका हातात सिरिंज. "खा ना बाप्पा," ते म्हणत. "एक घोट. माझ्यासाठी नको, रसिकासाठी खा." निम्मं बाहेर येई. ते न चिडता पुन्हा भरवत. सरोजजी स्वतः येऊन लाल झेंडा काढून हिरवा लावून गेल्या. "अब जो खाना चाहे खाए," म्हणाल्या आणि डोळ्याला पदर लावून वर गेल्या. काकांनी स्वतः दिवसभर काही खाल्लं नव्हतं. मी पोळीचं ताट आणून ठेवलं ते तसंच राहिलं. ससा जेवत नाही तर त्यांचाही घास उतरत नव्हता.

दुपारी रसिकाचा व्हिडिओ कॉल आला. आदल्या दिवशीही आला होता, तेव्हा काकांनी सशाची पुंजके न निघालेली बाजू दाखवून वेळ मारून नेली होती. या वेळी फोन मी धरला होता. काका म्हणाले, "मस्त हाये. झोपला."

"पप्पा, त्याची दुसरी साइड दाखवा ना."

"झोपला वं."

"ससा असा नाही झोपत, पप्पा. दाखवा."

मला वाटलं, आता ते काही तरी रचून सांगतील, आणि खरं सांगायचं तर सांगावं असं मलाही वाटत होतं. पोरगी इतकी दूर, तिला कशाला घोर. पण त्यांनी ससा दोन्ही हातांनी उचलून तिच्यासमोर धरला. "रसिका, माह्या हातून चूक झाली," ते म्हणाले. "दिवाळी होती म्हनून मी त्याले तेल लावलं, उटनं लावलं, आंघोळ घातली. त्यानं ते चाटलं. त्याचं पोट बंद पडलं. डॉक्टर म्हन्ते आज-उद्या चाललं तं चाललं. मले नाही जमलं, बेटा."

मग तिनं विचारलं, "तुम्ही त्याला अभ्यंगस्नान घातलं?"

"हो."

"पाटावर बसवून?"

"हो."

ती रडत होती की हसत होती ते त्या छोट्या पडद्यावर कळत नव्हतं. "मी येते पप्पा," एवढं म्हणून तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशीच्या विमानानं ती येत होती. सकाळपासून काका भरवत होते, चोळत होते, जमिनीवर सोडून चार पावलं चालवत होते. आता ससा सिरिंजेतलं गिळत होता, एवढाच फरक. मी ऑफिसला गेले नाही. सरोजजी वरच्या मजल्यावरून दर थोड्या वेळानं विचारत, "हुआ?" आणि आम्ही सांगत, "अभी नहीं।" एका सशाच्या पोटावर तीन मजल्यांचं घर थांबून राहिलं होतं.

रसिकाची टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी आल्याचा फोन आला आणि त्याच सुमारास काका ओरडले. ओरडले म्हणजे शब्द नव्हता, नुसता आवाज. मी धावत गेले. फरशीवर, सशाच्या शेपटीमागं, एक लेंडी पडली होती. बारीक, वाकडी, केसांत अडकलेली. मग आणखी एक. मफलररावांनी मान वळवून दूर्वांचं एक पातं ओढलं आणि चावायला लागले.

काकांनी ती लेंडी तळहातावर घेतली आणि तसेच अनवाणी फाटकाशी गेले. रसिका टॅक्सीतून उतरली तेव्हा शर्टभर कॉर्नफ्लोर लागलेला तो उंच माणूस प्रसाद द्यावा तसा उजवा हात पुढं करून उभा होता. मीच म्हटलं, "झाली." रसिकानं तळहातावर पाहिलं. बॅग रस्त्यावर सोडून दिली आणि बापाला मिठी मारली. मला त्या क्षणी इतकं हायसं वाटलं की मी फाटकाला धरून रडले. वरून सरोजजी सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात देवाचे आभार मानत होत्या.

आत आल्यावर रसिकानं आधी ससा नीट तपासला. मग विचारलं, "पप्पा, तुम्ही कधी जेवलात?" काकांना आठवेना. तिनं खिचडी टाकली. व्हरांड्यात एका बाजूला मफलरराव गवत खात होते आणि दुसऱ्या बाजूला काका खिचडी, दोघंही हळूहळू, आजारातून उठल्यासारखे.

कातडीचं दुखणं पुढं महिनाभर चाललं. औषधाचे थेंब मानेवर पडत गेले, केस गेले, पुन्हा आले. मधेच काकांच्या दंडांवर लाल पुळ्या उठल्या, ते किडे माणसालाही थोडे चावतात म्हणे. त्यांनी बाही वर करून मला दाखवल्या. "विनातिकीट प्रवासी," म्हणाले. "डबा बदलून राह्यले." घरातल्या चादरी, सतरंज्या, सशाच्या खालचं गोणपाट, सगळं उकळत्या पाण्यातून काढलं. मफलररावांना मात्र पाण्याचा थेंब लागू दिला नाही. त्याच्या पाण्याचं भांडं सांडलं तरी काका घाबरत.

वसंतात माझी बदली हैदराबादला झाली. निघायच्या सकाळी सामान गाडीत टाकून मी निरोप घ्यायला खाली आले. व्हरांड्यात ऊन आलं होतं. काका जमिनीवर बसले होते, आणि त्यांच्या पायाला टेकून मफलरराव आडवे पडले होते, पाय ताणून, पोट उघडं टाकून, गाढ. भित्रा ससा असा तेव्हाच झोपतो जेव्हा त्याला कुणाची भीती उरलेली नसते. काकांनी मला पाहिलं आणि ओठांवर बोट ठेवलं.

मी वाकून त्यांच्या दुसऱ्या पायाला हात लावला. कुजबुजत विचारलं, "रसिकानं घर घेतलं ना पुण्यात? आता नेईल ना ती याला?"

"काल फोन आल्ता," ते तितक्याच हळू म्हणाले. "म्हने, पप्पा, राहू द्या त्याला तुमच्याकडंच. मी येत जाईन भेटायला. मी म्हटलं, काहून, तुह्या घरी जागा नाही? तं म्हने, जागा आहे. पण तुम्हाला जमतं, पप्पा." त्यांच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला हात हलवायची त्यांची तयारी नव्हती. "असं म्हने पोरगी. तुम्हाला जमतं."

मी हळूच उठले. चपला हातात घेऊन अनवाणीच फाटकापर्यंत गेले. मागं पाहिलं तर काका सशाच्या श्वासाकडं पाहत होते. मला निरोप द्यायला ते उठले नाहीत, आणि त्याचं मला फार बरं वाटलं.